पांढरा नमदा

भाषेच्या दंगलीत डिचोली सोडताना फिलोमिना टीचरनं आपला पियानो शेजारच्या पुंडलिकाकडं ठेवला. न्यायला आली तेव्हा तिला पडवीतच थांबवून तो निलाजरा म्हणाला, "तो जळलो गे टीचर, दंग्यात." लेकीसाठी त्याला तो हवा होता. टीचर डोळे पुसत वास्कोला गेली.

तेव्हापासून पियानोच्या आतल्या, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा लोकरी नमदा जळून काळा पडायचा. पुंडलिक तो खरवडून नवा चिकटवायचा. सकाळी तोही काळा.

आज त्यानं पुन्हा नमदा लावून गौरवीला सूर बघायला बसवलं.

"बाबा, हो पियानो तर जळलेलो ना?"

"गप. पट्टी दाब."

तिनं दाबली. "गरम लागता."

"हात काढ."

"सुटत नाय."

त्यानं घाईनं आत पाहिलं. नमदा पांढराशुभ्र होता. जळका वास लेकीच्या बोटांना येत होता.