लोखंडाचा कीस

मशीनचा पट्टा कप्प्यांवर चढवून नेल्डा मागे सरली. गेरिटने मात्र खिशातले हात बाहेर काढले नाहीत.

खिडकीवर बर्फ थिजले होते. त्यातून झिरपणाऱ्या निळसर उजेडात, गॅरेजच्या मधोमध, ते जुने ड्रिल मशीन उभे होते. अंगावर नवा करडा रंग, टेबलावर मेणाची चकाकी. बंद पडलेल्या कारखान्यातून ते घरी आले तेव्हा त्याचा दांडासुद्धा हलत नव्हता. गंज नेल्डाने खरवडला, बेअरिंगे तिने बदलली, आणि नवरा शेजारी स्टुलावर बसून सांगत राहिला. तोंड त्याचे, हात तिचे.

“चल, पाड पहिलं भोक,” ती म्हणाली.

“तू पाड. घाम तुझा गळलाय.”

“आणि जीभ तुझी चाललीय. अख्खा हिवाळा. मुकादमाचा मान आहे, मी कशाला खाऊ?”

गेरिट हसला नाही. “बोललोय ते लक्षात आहे ना? भोक वाकडं गेलं, तर मस्केगन गावच्या त्या जुनी यंत्रं घेणाऱ्या माणसाला फोन लावायचा. मशीन, पाने, कानशी, सगळं घेऊन जा म्हणायचं. इथे शोभेला काही ठेवायचं नाही.”

“आहे लक्षात.”

तो तसे करील, हे तिला ठाऊक होते. केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखणारा हा माणूस आता अर्धाच कप कॉफी ओतून घेई आणि शर्टाच्या बाह्यांची बटणे लावायला मुकाट्याने तिच्यापुढे मनगटे धरी. हातांना कंप सुरू झाल्यापासून त्याने एकाही हत्याराला हात लावला नव्हता. त्याविषयी तो कधी काही बोललाही नव्हता. या घरातून हत्यारे गेली, तर मागे ते न बोलणेच उरणार होते.

त्याने हात बाहेर काढले.

टेबलावरच्या लहान शेगड्याच्या, म्हणजे लोखंडी पकडीच्या, जबड्यात लोखंडाची पट्टी आवळलेली होती. तिच्यावर भोकाची जागा दाखवणारा, अणकुचीदार पंचाने ठोकलेला एक बारीक खळगा. गेरिटने डावा हात शेगड्यावर ठेवला, तसा शेगडाही थरथरू लागला. टेबलावर त्याची टकटक ऐकू येऊ लागली. खळगा ड्रिलच्या टोकाखाली यायचा आणि निसटायचा. पुन्हा यायचा, पुन्हा निसटायचा.

नेल्डाचा हात आपोआप पुढे झाला.

“हात मागे.”

“नुसतं धरते रे.”

“तेच नको. नव्या पोरांना मी काय सांगायचो? जो आवळून धरतो, त्याचंच भोक वाकडं जातं. मागे घे म्हटलं ना!”

तिने हात मागे घेतला. मग गेरिटने शेगड्याचे टोक मशीनच्या खांबाला टेकवले, म्हणजे तो गरगर फिरला नसता, आणि स्वतःचाही डावा हात उचलून घेतला. शेगडा धरणारे आता कोणीच नव्हते.

त्याने बटण दाबले. मोटर घुमू लागली. उजव्या हाताने तो दांडा खाली आणू लागला. टोक पट्टीवर उतरले ते खळग्याच्या किंचित बाजूला. शेगडा शहारला, मेण लावलेल्या टेबलावर तसूभर घसरला, आणि उतार सापडलेल्या पाण्यासारखा तो खळगा आपणहून टोकाखाली येऊन थांबला.

“आला,” गेरिट पुटपुटला. “आला बघ घरी.”

पण खरे काम आता सुरू झाले होते. नेल्डाने पट्टीकडे पाहिलेच नाही. ती दांड्यावरच्या त्या हाताकडे पाहत होती. हात थरथरत होता. दांडा दबे, अडखळे, पुन्हा दबे. तेलाचा बारीक धूर वर चढला. यंत्राचा सूर मध्येच तुटायचा, पुन्हा लागायचा. डोळे मिटून घ्यावेत असे तिला वाटले, आणि तिने ते मिटले नाहीत.

टोक आरपार गेले. गेरिटने दांडा वर सोडला, मोटर बंद केली. मापाची पोलादी पिन त्याने फळीवरून घेतली आणि भोकाच्या तोंडाशी नेली. ती पट्टीवर नुसतीच नाचत राहिली. तेव्हा त्याने ती नेल्डापुढे धरली.

“तू टाक.”

तिने पिन भोकावर उभी धरली आणि बोटे सैल केली. कुठेही न अडता, आपल्याच वजनाने, पिन खाली उतरली आणि टेबलाखालच्या ताटलीत खणकन वाजली.

“सरळ आहे,” नेल्डा म्हणाली. “गेरिट, सरळ आहे रे.”

“ऐकलं मी.”

जेवणाआधी म्हणायचे देवाच्या आभाराचे शब्द तिच्या ओठांवर आले. दुसरे तिला सुचले नाहीत.

गेरिटचे लक्ष भोकाकडे नव्हतेच. तो टेबलावरचा कीस न्याहाळत होता. लोखंडाचा कीस एकसंध सुटला की त्याचा लांब पीळ होतो. तो गरगरतो, बाही धरतो, मनगट कापतो. म्हणून जाणता कारागीर मध्येमध्ये दांडा क्षणभर रोखून तो तोडत राहतो. इथे एकही पीळ नव्हता. कापलेल्या नखांएवढे तुकडे, सगळे एकाच लांबीचे.

त्याने ते ब्रशने गोळा करून तळहातावर घेतले. तिथे ते हलकेच किणकिणत राहिले.

“हात पुढे कर,” तो म्हणाला, आणि त्यातले अर्धे त्याने तिच्या ओंजळीत ओतले. अजून कोमट होते.

“बघितलंस? पूर्वी हे मुद्दाम करावं लागायचं.”