कोपऱ्यातला नेमबाज

बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात चार सेकंद उरले होते आणि संघ एका गुणाने मागे होता. खोचरेने बाकावर बाटल्यांची झाकणे मांडून सरांना डाव समजावला. "रेषेबाहेरून चेंडू मी कप्तानाला देतो. सगळे त्याच्यावर तुटून पडतील. मी कोपऱ्यात शिरेन, तो मला परत देईल, मी लांबून मारेन."

"आणि तुला कोणी अडवलं तर?"

"सर, तीन वर्षांत माझ्याकडे कोणी बघितलंय का?"

"हेही खरंच," सर म्हणाले.

डाव तंतोतंत जमला. तिघांनी कप्तानाला घेरले; खोचरे कोपऱ्यात हात पुढे करून उभा राहिला. त्याच्याकडे कोणीच बघितले नाही, कप्तानानेही नाही. कप्तानाने डोळे मिटून चेंडू भिरकावला आणि तो जाळीत पडला.

सगळे कप्तानाला खांद्यावर घेऊन नाचू लागले. खोचरेचे हात अजून पुढेच होते.