निमूटचा माग

"यंत्रांनी माणसाची अक्कल गहाण ठेवून घेतली आहे, मानवजातीचा शेवट जवळ आला आहे," असं लिहून निरीक्षकसाहेबांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि जावयाला हाक मारली.

"अहो, हे पाठवायचं बटण कुठे गेलं?"

जावई शेजारच्या खोलीतून आला. तो घरूनच कुठल्याशा कंपनीचे संगणक सांभाळायचा. त्याने एक बोट टेकवलं आणि मानवजातीचा शेवट परिसराच्या चर्चामंचावर जाऊन पडला.

"गेलं, बाबा," म्हणून तो परत आपल्या खोलीत गेला.

पाच मिनिटांत 'निमूट' असं टोपणनाव घेतलेल्या कुणाचं तरी उत्तर आलं. "हे आपण मोबाइलवरून कळवलंत ते बरं झालं. पत्राने कळवलं असतंत तर शेवट आधी पोचला असता."

साहेबांनी शेजारच्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला. ज्याचा काटा बरोबर निघे त्याच्यावर त्यांचा संशय अधिक. निवृत्तीनंतर त्यांनी हेच खातं घरात उघडलं. साखर मोजून झाली, पीठ मोजून झालं. मुलगी आणि जावई राहायला आल्यावर साबण किती झिजतो तेही बघून झालं. तेवढ्यात मंचावर हा निमूट उगवला आणि तपासणीला वेळच उरेना. घर एकदम शांत झालं. ती शांतताही साहेबांच्या नजरेतून सुटली नव्हती.

निमूट मंचावर दुसऱ्या कुणाच्या वाटेला जात नसे. साहेब यंत्रांवर बोलले, की हा हजर. राजकारणावर बोलले, की हजर. घरामागच्या पडवीत साहेब आखूड पायांची, लांब कानांची अस्सल जातीची कुत्री पैदा करत. त्यातही याचं नाक. गेल्या आठवड्यात तर कहर झाला. "जवळच्या नात्यात जुळवलं की पिल्लांची हाडं कच्ची निघतात," त्याने लिहिलं. "तुमचं ते ठिपक्याचं पिल्लू मागच्या डाव्या पायाने लंगडतं, ते उगाच नाही."

ठिपक्याचं पिल्लू अजून पडवीबाहेर पडलं नव्हतं. म्हणजे फितूर घरातलाच.

साहेबांनी एकेकाला काट्यावर घेतलं. मुलगी जनावरांच्या दवाखान्यात होती, कुत्र्यांचं तिला कळत होतं. पण यंत्रांच्या बाबतीत ती बापाच्या वळणावर गेलेली. पंखा थांबला तरी आधी नवऱ्याला हाक. बायको पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि मगच त्यावर भाजी निवडायला बसायची. पण कुत्र्याचा एक केस दिसला तरी नाक मुरडायची.

"यंत्रं, कुत्री आणि राजकारण, तिन्ही कळतं असं या घरात कोण आहे गं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुम्हीच की," शेंगेची शीर ओढत ती म्हणाली.

खुशामत, साहेबांनी मनात टिपलं. उरला जावई. संगणकवाला माणूस. जे कळत नाही ते कुठूनही शोधून काढील.

दुपारी त्यांनी जावयाला पडवीत एकट्याला गाठलं.

"कुणाला बोलू नका. या निवडणुकीत मी प्रभागातून अपक्ष उभा राहतोय."

"अरे वा! चिन्ह ठरलं, बाबा?"

"आधी तुम्ही तोंड बंद ठेवा."

संध्याकाळी निमूट मंचावर आला. "आपल्यातलेच एक गृहस्थ प्रभागातून उभे राहताहेत असं ऐकतो. स्वतःचं मत त्यांनी पक्कं समजावं. घरातली बाकीची गृहीत धरू नयेत."

साहेबांनी सगळं घर बैठकीच्या खोलीत गोळा केलं.

"मोबाइल टेबलावर ठेवा, जावईबापू."

जावयाने ठेवला.

"निमूट तुम्हीच. आजच्या आज हे घर सोडायचं."

"बाबा, काय बोलताय?" मुलगी ताडकन उठली. "एवढ्याशा भांडणासाठी?"

"भांडणासाठी नाही. फितुरीसाठी. तुला राहायचं तर तू राहा."

"हे निघाले तर मीही निघणार. आणि पुन्हा या दारात पाय ठेवायची नाही, आत्ताच सांगते."

"नको ठेवूस," साहेब म्हणाले. आवाज जरा फाटला. एकुलती एक मुलगी होती. पण काटा तो काटा.

जावयाने सासूकडे एकदा पाहिलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मग तो आतल्या खोलीत गेला, त्याच्यामागे मुलगी. कपाटं उघडल्याचे, बॅगा ओढल्याचे आवाज येऊ लागले. मध्येच मुलीने नाक ओढलं. साहेबांना उठून तिच्याकडे जावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी मंचावर लिहिलं, "प्रभागाच्या सफाईची सुरुवात मी स्वतःच्या घरापासून केली आहे. निमूट आता कायमचा निमूट." या वेळी बटणही सापडलं.

जावयाचा मोबाइल त्यांच्या समोर टेबलावर गप्प पडला होता.

वाजला तो त्यांच्या हातातला.

"ज्याला चार माणसांचं सरकार टिकवता येत नाही, त्याने प्रभाग चालवायला घेऊ नये," निमूटने लिहिलं होतं.

साहेबांनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि हातातला मोबाइल फळीवर ठेवला.

"तू?" साहेबांनी विचारलं.

ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली. बॅगांचे पट्टे आवळत असलेल्या दोघांकडे तिने क्षणभर पाहिलं. मग परत येऊन ती नवऱ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"अहो, ही दोघं खरंच निघाली," ती म्हणाली. "मग आता एवढं करा. यापुढे राजकारणावरच भांडत जा. यंत्रं आणि कुत्री मला एकटीला जमायची नाहीत."