मादाम जिरार

हामादासाननी तिसऱ्यांदा भात मागून घेतला. भातावर पुन्हा जवसाची चटणी. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या त्या अपार्टमेंटमध्ये ताटात चमचा वाजला की उपासनाला वाटायचं, झालं, आता करारावर सही.

हामादासान टोकियोच्या दुकानांसाठी माल निवडायचे. चटणी त्यांना पसंत होती. तिखट पसंत होतं. बाटलीचं झाकणसुद्धा पसंत होतं. फक्त बाटलीवरचं नाव बदलायचं होतं. तिथे लिहिलं होतं 'गिरजाबाई', म्हणजे नागपूरहून आलेली उपासनाची आई, जी आत नवीन जवस भाजत होती. आमच्या गिऱ्हाइकाला फॉरेन नाव लागतं, असं हामादासान बसल्याजागी वाकून म्हणाले.

"गिरजाबाई फॉरेनच आहे," उपासना म्हणाली. "जपानमध्ये एकही गिरजाबाई नाही. मी चेक केलंय."

हामादासाननी यावर खरोखर विचार केला.

"फॉरेन आहे," ते म्हणाले, "पण हवं तसलं नाही."

नवं लेबल त्यांनी आणलंच होतं. मादाम जिरार, कॅलिफोर्निया. वर टोपीवाली गोरी बाई, हातात जवसाचं निळं फूल. ही फ्रेंच बाई कॅलिफोर्नियात बसून नागपुरी चटणी का करतेय, असं उपासनाने विचारलं. ते कुणी विचारत नाही, असं उत्तर आलं. मग तिने 'गिरिजा' सुचवलं, 'मादाम गिरजा' सुचवलं, शेवटी नुसतं 'जी' सुचवलं. हामादासान दर वेळी वाकले. वाकणं म्हणजे नकार, हे तिला जरा उशिराच कळलं.

दुकानात आईचं नाव दिसावं, एवढ्यासाठी तर तिने नोकरी सांभाळून हा उद्योग मांडला होता. तिने पेनाला टोपण लावलं. नावाशिवाय चटणी जाणार नाही, असं सांगून टाकलं.

तेवढ्यात गिरजाबाई गॅस बंद करून बाहेर आल्या. टेबलावरचं लेबल उचलून त्यांनी चष्मा लावला.

"ही कोण बाई?"

"तू. जपानमध्ये," उपासना म्हणाली. "टेन्शन घेऊ नको, मी कॅन्सल केलंय."

गिरजाबाईंनी लेबल बाटलीवर धरलं. हात लांब करून पाहिलं. मग पदराने त्या गोऱ्या बाईवरचा तेलाचा डाग पुसला.

"कॅन्सल नको करू. हे लेबल लावून चार बाटल्या माझ्या बॅगेत टाक," त्या म्हणाल्या. "नागपूरला सूनबाईला देते. माझ्या हातची तिला कधी आवडली नाही."