दामाजी विरुद्ध दामाजी

"फिर्यादी कोण?" धाकू पाटलाने विचारलं.

"मी," दामाजी म्हणाला.

"आणि गुन्हा कोणी केला?"

"मीच."

"बरं झालं. दोघंपण हजर हायेत," धाकू म्हणाला आणि तंबाखू मळायला घेतली.

पौर्णिमेची जमात, म्हणजे कोळ्यांची पंचायत, बसली होती. कळव्याच्या खाडीकाठचा हा कोळीवाडा आपली भांडणं पौर्णिमेपर्यंत जपून ठेवी आणि त्या संध्याकाळी देवीच्या देवळापुढे आणून टाकी. जाळं कोणी कापलं, नांगर कोणी चोरला, कोंबडी कोणाची, सगळं आजवर येऊन गेलं होतं. पण स्वतःच्याच नावाने फिर्याद घेऊन आलेला दामाजी पहिलाच.

भानगड जुनी होती. बाप गेल्यावर वाटणीत होडी थोरल्या नाथाला मिळाली आणि वल्ही धाकट्या दामाजीला. "आता हातांनी वल्हव," दामाजी तेव्हा म्हणाला होता. दोघा भावांचं ते शेवटचं बोलणं. तेव्हापासून होडी एका दारात कुजत होती आणि वल्ही दुसऱ्या दारात उभी होती. पुढे कंपन्यांच्या पाण्याने खाडीतली मासळीच मेली, त्यामुळे होडीवाचून कोणाचं अडलंही नाही.

दर नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडताना दामाजी स्वतःला वचन देई, या वर्षी दादाशी बोलायचं. नारळ वाहून जाई. वचन त्याच्या मागोमाग. आता खोकून खोकून बरगड्या निघालेल्या नाथाला त्याचा मुलगा उद्या सकाळी टिटवाळ्याला नेणार होता. नवी बिल्डिंग, तिसरा माळा. तिथून नाथा परत येईल असं कोणी म्हणत नव्हतं. सगळे फक्त "तिकडची हवा चांगली" एवढंच म्हणत होते.

"मग आपसात मिटवा ना," धाकू म्हणाला.

"मिटवलं असतं पाटील. पण हा माणूस ऐकत नाय. लय समजावला त्याला. दर वर्षी हो म्हणतो न् फिरतो. माझ्या शब्दाला माझ्याकडेच किंमत नाय. जमातीने दम दिला तर वाकेल."

लोक हसले. दामाजी हसला नाही. नाथाही हसला नाही. एरवी छातीच्या दुखण्याने घराबाहेर न पडणारा नाथा आज बायकोच्या, शेवंतीच्या खांद्यावर हात टाकून आला होता आणि अगदी पुढे बसला होता. निरोप घ्यायला आला असणार, असं सगळ्यांनी धरलं. दामाजीला वाटलं, देवीनेच साक्षीला धाडला.

जमातीने विचार केला. फार नाही, कारण टीव्हीवर रविवारचा पिक्चर सुरू व्हायची वेळ झाली होती. धाकूने निकाल दिला. दामाजी वाळीत. नाथाशी त्याचं बोलणं होईतोवर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याने देवीला पोतंभर नारळ द्यायचे.

"मंजूर?"

हात वर झाले. नाथाचा सगळ्यांत शेवटी झाला, आणि खाली यायलाही त्यालाच सगळ्यांत वेळ लागला.

जमात उठली. दामाजीला हलकं वाटलं. स्वतःचा शब्द काय, रोज मोडता येतो. जमातीचा कसा मोडणार? तो तडक नाथाच्या घरी गेला. उंबऱ्याशी थांबला. मग इतकी वर्षं नरड्यात अडकलेला काटा एकदाचा निघाला.

"दादा."

नाथाने वर पाहिलं. त्याचे ओठ हलले. मग मिटले.

"दादा, चुकलो मी. ती वल्ही तुझीच. टिटवाळ्याला घेऊन जा."

नाथाने ओठ आणखी घट्ट मिटले.

तेव्हा कुठे दामाजीच्या ध्यानात आलं. नाथाशी बोलणं होईतोवर त्याच्याशी कोणीच बोलायचं नव्हतं, आणि त्या 'कोणीच'मध्ये नाथाही आला. पिक्चरच्या घाईत हे एकालाही सुचलं नव्हतं. आता निकाल फिरवायचा तर जमातीनेच, आणि जमात बसणार पुढच्या पौर्णिमेला. दुसरा कोणी असता तर दार लोटून हळूच बोलला असता. पण हा नाथा. जमातीने बारीक विणीची जाळी बंद केली तेव्हा सगळ्यांनी आपापलं जाळं माळ्यावर लपवलं होतं. चुलीत घातलं ते एकट्या नाथाने.

"मान तरी हलव, दादा."

मान हलवणं बोलण्यात धरतात का, याचा नाथाने बराच विचार केला. मग त्याने डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

कोपऱ्यात शेवंती बोचकी बांधत होती. तिने दिराकडे पाहिलं नाही. चुलीशी झोपलेल्या मांजरीला ती म्हणाली, "ऐक गो मने. आज जमातीत सगळ्यांसमोर भावाशी बोलायचं, म्हणून यांनी दुपारपासून जीव गोळा केलेला. उठायला भुईवर हातपण टेकलेला. तवर भाऊच उठला, फिर्याद घेऊन."

शेजारच्या टीव्हीवर कोणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं. दामाजी आत आला आणि मांजरीपुढे मांडी घालून बसला.

"मने," तो म्हणाला, "दादाला विचार, काय बोलणार होता?"

नाथा भिंत धरत उठला. त्याने मांजरीला उचललं, घटकाभर छातीशी घट्ट धरलं, दाराबाहेर ठेवलं, आतून कडी लावली आणि दामाजीसमोर येऊन बसला.