पितळी आकडे

फावड्याचं पातं मनगटावर बसलं आणि हाड मोडल्याचा आवाज रॉय थॅक्स्टरला स्वच्छ ऐकू आला. म्हातारा चिखलात आडवा झाला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं. रॉयने बुटाची लाथ बरगडीत घातली, तेव्हा ते तोंड नुसतं वासलेलं राहिलं.

"तीन वर्षं लुटताय तुम्ही लोक मला," रॉय म्हणाला.

म्हातारा कोपरावर उठायला लागला. रॉयने फावडं उलटं धरून दांडा त्याच्या गुडघ्यावर हाणला. आता तो पळणार नव्हता.

तीन वर्षं झाली, चोरटे धातू हुडकणारे डिटेक्टर घेऊन रॉयच्या रानात शिरत होते. उगवलेल्या जवात खड्डेच खड्डे. एकदा त्याने हटकलं, तर ट्रॅक्टरची चारही चाकं फाडून गेले. मागच्या हिवाळ्यात त्याच्या कुत्रीला विष घातलं. पोलीस दर वेळी एकच विचारत, चोरीला गेलं काय? मातीत काय होतं ते रॉयला कुठून ठाऊक असणार? आज मात्र भर सकाळी ओढ्याकडच्या कोपऱ्यात हा गुडघे टेकून बसलेला सापडला. समोर ताजा खड्डा आणि शेजारी उघडी पत्र्याची डबी. रॉयने डबी उचलली, म्हाताऱ्याला तिथेच टाकलं आणि जीप काढली.

गावच्या सभागृहात फिलिपा गॉट्स महिन्यातून एकदा बसायची. ती जिल्ह्याच्या संग्रहालयात होती. परवानगी काढून शेतं धुंडाळणारे हौशी लोक सापडलेल्या वस्तू तिच्याकडे आणत. ती त्या भिंगाखाली धरून काय आहे, कधीचं आहे ते सांगायची आणि नोंद करायची. रॉय रांग मोडून पुढे घुसला.

"रांग आहे, रॉय."

"हे माझ्या रानातलं आहे एवढं लिहून दे. चोर पकडलाय मी."

"पकडलाय म्हणजे? कुठे आहे?"

"ओढ्याच्या काठाला पडलाय. कुठे जात नाही तो."

फिलिपाने त्याच्या बाहीवरचं रक्त पाहिलं. रांगेतल्या निवृत्त पोस्टमनकडे वळून ती म्हणाली, "बर्ट, थॅक्स्टरच्या शेतावर अँब्युलन्स बोलाव. पोलिसांनाही सांग."

"सांगा की. तेच हवंय मला," रॉय म्हणाला.

तिने डबी कापडावर ओतली. नखाएवढे पाच पितळी आकडे, टोकाला वळवलेले. बुटाचं एक बक्कल. शिशाचं बटण. बाहीला लावायचं जोडबटण, त्यावर पत्त्यांतल्यासारखे दोन बदाम आणि वर मुकुट.

"आकडे साडेचारशे वर्षांपूर्वीचे असतील," ती म्हणाली. "चिखलातून चालताना बायका झगा वर खोचून धरायच्या, त्याचे. जोडबटण नंतरचं."

"किती जुनं ते राहू दे. माझ्या रानातलं आहे का?"

तिने झाकणाच्या आत दुमडलेली चिठ्ठी काढून उलगडली. "हो. तुझ्याच रानातलं आहे."

"झालं तर मग."

पण फिलिपाने एक आकडा पुन्हा भिंगाखाली धरला. "हे आज काढले म्हणतोस?"

"माझ्या डोळ्यांदेखत."

"यांना गंजू नयेत म्हणून मेण लावलंय, रॉय. पिवळं पडलंय ते. माती कणभर नाही." तिने चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली. फिकट शाईत लिहिलं होतं: थॅक्स्टरचं शेत, ओढ्याकडचा कोपरा, मार्च १९८९.

"म्हणजे माझ्या बापाच्या वेळेपासून चोरतोय."

"आज डिटेक्टर होता त्याच्याकडे?"

रॉयने आठवून पाहिलं. खुरपं होतं. बाकी काही नव्हतं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग नखाएवढा आकडा त्याला मातीत दिसला कसा?"

म्हाताऱ्याचा हात डबीतून खड्ड्याकडे जाताना रॉयने पाहिला होता. खड्ड्यातून डबीकडे नव्हे.

"पुरत होता," तो म्हणाला. "परत ठेवत होता."

फिलिपाने डबी आपल्याकडे ओढून घेतली. रॉय धावतच जीपकडे गेला.

म्हातारा काठाला टेकून बसला होता. ओठ निळे पडले होते, मोडका हात मांडीवर ठेवलेला. रॉय कोट काढत त्याच्याकडे वाकला, तसा त्याने धड हात डोक्यावर धरला आणि डोळे मिटून घेतले.

"नाही मारत," रॉय म्हणाला. "नाही मारत आता."

कोट म्हाताऱ्याच्या अंगावर घालून तो शेजारी चिखलातच बसला. म्हाताऱ्याच्या अंगातली थरथर कोटावरून त्याच्या हाताला लागत होती.

अँब्युलन्सच्या मागोमाग पोलीस आले. त्यांच्यातली एक तरुण महिला शिपाई रॉयला ओळखत होती. विष घातलेल्या कुत्रीचा पंचनामा तिनेच केला होता. ती म्हाताऱ्यापाशी बसली.

"कसं झालं हे, आजोबा?"

म्हाताऱ्याने रॉयकडे पाहिलं.

"घसरलो," तो निळ्या ओठांनी म्हणाला. "काठ ओला होता. यांचा काही संबंध नाही. यांनी कोट दिला मला."

तिने वर पाहिलं. रॉयच्या बाहीवर तिची नजर थांबली आणि पुढे गेली. तिने वही मिटायला घेतली.

"तो घसरला नाही," रॉय म्हणाला. "मी मारलंय त्याला. पडल्यावरसुद्धा मारलं."