दहाला सोळा

ऐक ना, मधे बोलू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटते.

तर नेरिडाच्या अंगणात ट्रेलरवर होडी. होडीच्या मागे, पाण्यात फिरतो त्या पंख्यापाशी नेरिडा गुडघे टेकून बसलेली, आणि इंजिनाच्या खोक्यात डोकं खुपसून बेव्हन. गावातला एकुलता एक बोटीचा मेकॅनिक. टास्मानियाचा उत्तर किनारा, जूनमधला वारा, म्हणजे बोटं नुसती गारठलेली.

होडी नेरिडाच्या नवऱ्याची, लॉकीची. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी तो मासे धरायला म्हणून गेला. चाळीस दिवसांनी होडी तेवढी सापडली, सामुद्रधुनीत एकटीच तरंगत. लॉकी नाही. गावाने प्रार्थना केली, दगडावर नाव कोरलं. नेरिडाने होडीवर ताडपत्री टाकली आणि कुणाला हात म्हणून लावू दिला नाही.

ईस्टरला बेव्हनने तिला लग्नाचं विचारलं होतं. आधी किती वर्षं मनात होतं ते विचारूच नकोस. ती म्हणाली, "ही होडी दारात आहे तोवर नको विचारूस."

आणि आता होडीला गिऱ्हाईक आलं होतं. लॉन्सेस्टनचा माणूस, त्याला नवा पंखा बसवायचा होता. त्यासाठी मागच्या ड्राइव्हचा, म्हणजे पंखा ज्याला लागतो त्या गिअरच्या पेटीचा, गिअर रेशो पाहिजे. म्हणजे पंखा दहा वेळा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं, तो आकडा. तो ड्राइव्हला चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. पण या ड्राइव्हवर पट्टीच नव्हती.

"लॉकी गेला त्याच्या आदल्या दिवशी तूच तेल बदललंस की," नेरिडा म्हणाली. "तेव्हा नव्हती?"

"होती."

"मग वाचली नाहीस?"

"तेल बदलायला आकडा लागत नाही, बाई."

"खाऱ्या पाण्याने खाल्ली असेल. असू दे, मला पाठ आहे. दहाला सोळा, वर थोडंसं. होडी घेतली त्याच दिवशी आम्ही मोजलं. तो आत, मी इथे. लग्नाची तारीख विसरायचा, पण हे नाही विसरला कधी."

"मग तेच लिहितो ना."

"नको. मोजू या. एकदाच. मग घेऊन जा होडी."

बेव्हनने इंजिनाचे प्लग काढले, म्हणजे ते हाताने फिरेल. पुलीवर खडूने रेघ मारली. नेरिडाने पंख्याच्या एका पात्याला लाल लोकर बांधली. तेव्हाही लाल लोकरच होती म्हणे.

"ड्राइव्ह इतके दिवस नुसता पडून आहे," ती म्हणाली. "आकडा बदलला असेल तर?"

"दात झिजतील, पण मोजायला तेवढेच राहतात. आकडा वेगळा आला, तर समज ड्राइव्हच वेगळा. आणि तो काही भर समुद्रात बदलता येत नाही, होडी किनाऱ्यावर ओढावी लागते."

"झिजलेला पण वाटत नाही बघ. किती स्वच्छ आहे. समुद्राने घासून काढलाय."

"तुझ्या भांड्यांपेक्षा बरा."

"त्याच भांड्यांत दोनदा वाढून घेतोस, तेव्हा नाही बोलत."

बेव्हनने लांब पाना लावला आणि इंजिन फिरवायला लागला. तिकडे लाल लोकर वर आली की नेरिडा मोठ्याने म्हणायची. एक. दोन. मग सहा. "सहाला लॉकी शिंकला होता," ती म्हणाली. "पेट्रोलच्या वासाने. सात."

दहा झाले.

"किती?"

"थांब. माझा गोंधळ झाला. परत."

"म्हातारा झालास."

परत मोजलं. मग बेव्हन म्हणाला, अजून एकदा.

"लॉकीने एकदाच मोजलं होतं."

"लॉकी हुशार होता," बेव्हन म्हणाला.

तिसऱ्यांदा ती अगदी सावकाश मोजत होती. दहा म्हणायला तर तिने इतका वेळ घेतला की बेव्हनला वाटलं, म्हणणारच नाही. मग ती उठली, बाजूने येऊन होडीच्या काठाला टेकून उभी राहिली.

"सांग आता."

बेव्हनने अंगठ्याने पुलीवरची खडूची रेघ पुसून टाकली. सगळी.

"सोळा," तो म्हणाला. "वर थोडंसं."

तिने काठावर कपाळ टेकलं. मग मान वर न करताच बोलली, "दोन वर्षं मी फोन उशाशी घेऊन झोपते, ठाऊक आहे तुला? वाटायचं, कुठे किनाऱ्याला लागला असेल, बरा झाला की करेल." आणि मग, "चला. गेला माझा लॉकी."

तिने लाल लोकर सोडली आणि खिशात ठेवली. बेव्हनच्या तेलाने काळ्या झालेल्या हातावर हात ठेवला. "रविवारी जेवायला ये. आणि तुला जे विचारायचं होतं ना, ते परत विचार."

बेव्हनने ट्रेलर गाडीला जोडला. वळणापर्यंत आरशात ती दिसत होती, हात वर करून उभी.

वळणापलीकडे, जिथून तिचं घर दिसत नाही, तिथे त्याने गाडी बाजूला घेतली. लॉन्सेस्टनच्या माणसाचा कागद मांडीवर ठेवला. तीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाच्या कागदावर चुकीचा आकडा लिहिला नव्हता. आजही नाही लिहिला. लिहिलं, "दहाला साडेएकोणीस. तीनदा मोजलं."

आता बोल. तिथे तू असतास, तर तिला काय सांगितलं असतंस?